ल्युब्ल्यानापासून स्तोनपर्यंत: स्लोव्हेनिया आणि क्रोएशियातील खाद्य व वाइनयात्रेची आखणी

आपल्याकडून स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाला जाणारे बहुतेक प्रवासी ब्लेडचे सरोवर, प्लित्वित्सेचे धबधबे आणि दुब्रोव्निकची तटबंदी एका आठवड्यात पाहून येतात, आणि जेवण मात्र या तीन ठिकाणांच्या मध्ये जिथे गाडी थांबेल तिथे उरकले जाते. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना हा क्रम उलटा करायचा आहे, म्हणजे काय खायचे आणि काय प्यायचे हे आधी ठरवून त्याभोवती मुक्काम बसवायचे आहेत. या प्रदेशात असे करणे योग्यच ठरते, कारण इथला प्रत्येक पदार्थ काही मोजक्या किलोमीटरांशी बांधलेला असतो. क्रासच्या पठारावरची वाइन पुढच्या खोऱ्यात मिळेलच असे नाही, आणि एका बेटावरचे द्राक्ष शेजारच्या बेटावर कदाचित कोणी लावतही नाही. त्यामुळे ठिकाणे कमी आणि रात्री जास्त, हे या आखणीचे पहिले सूत्र आहे.

खाली दिलेला मार्ग 12 रात्रींचा आहे: ल्युब्ल्याना 2, ब्रदा 1, विपावा किंवा क्रास 1, पिरान 1, इस्त्रिया 2, पाग बेट 1, स्प्लिट 1, पेल्येशात्स द्वीपकल्प 2 आणि दुब्रोव्निक 1. स्लोव्हेनियाच्या पूर्वेकडचा श्टायेर्स्का आणि क्रोएशियाचा स्लावोनिया हे दोन मोठे वाइनप्रदेश मी यातून मुद्दाम वगळले आहेत. मारिबोरमध्ये 400 वर्षांहून जुनी, आजही फळणारी द्राक्षवेल आहे आणि स्लावोनियातल्या कुत्येव्होच्या तळघरांची परंपरा 1232 पासूनच्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठाशी जोडलेली आहे. पण ही ठिकाणे समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर नाहीत आणि त्यांना न्याय द्यायचा तर वेगळा आठवडा हवा.

पहिली पायरी: हंगाम आणि व्हिसा

मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे सर्वांत चांगले महिने आहेत. वसंतात इस्त्रियात रानटी शतावरीचे कोवळे कोंब येतात, जूनमध्ये ब्रदामध्ये चेरी पिकते, सप्टेंबरमध्ये द्राक्षतोड सुरू असते आणि शरद ऋतूत पांढरी ट्रफल ही सुगंधी बुरशी मिळू लागते. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर गर्दी इतकी असते की चांगल्या स्वयंपाकघरांनाही आपले सर्वोत्तम देणे जमत नाही. हिवाळ्यात बेटांवरच्या अनेक खानावळी बंद असतात. द्राक्षतोडीच्या दिवसांत उत्पादक स्वतः बागेत अडकलेले असतात, म्हणून त्या काळात भेट हवी असेल तर काही आठवडे आधी पत्र किंवा दूरध्वनी करावा.

क्रोएशियाने 1 जानेवारी 2023 रोजी युरो चलन स्वीकारले आणि त्याच दिवशी तो शेंगेन क्षेत्रात सामील झाला. स्लोव्हेनिया या दोन्हींत 2007 पासून आहे. त्यामुळे आता एकच व्हिसा आणि एकच चलन पुरते. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे आपल्या रात्री जास्त आहेत. वरच्या आखणीत स्लोव्हेनियाच्या 5 आणि क्रोएशियाच्या 7 रात्री होतात, म्हणजे अर्ज क्रोएशियाकडे जातो. रात्री समान असतील तर ज्या देशातून प्रवेश करणार त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि प्रवास-वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा लागतो. सीमेवर नेहमीची तपासणी नसली तरी स्लोव्हेनियाने 2023 च्या ऑक्टोबरपासून तात्पुरती तपासणी सुरू केली होती, तेव्हा पासपोर्ट सामानात खोल न ठेवता हाताशी ठेवावा.

दुसरी पायरी: गाडी, वाइन आणि कायदा यांचा मेळ

शहरांमध्ये बस आणि रेल्वे पुरते, पण द्राक्षमळे, शेतघरे आणि खेड्यांतल्या खानावळी यांच्यापर्यंत पोहोचायला गाडीला पर्याय नाही. स्लोव्हेनियाच्या द्रुतगती मार्गांसाठी आधीच इलेक्ट्रॉनिक पथकर-परवाना घ्यावा लागतो, क्रोएशियात टोलनाक्यावर पैसे भरावे लागतात. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडल्यास बरेच जादा शुल्क पडते, म्हणून पैसे ठरवण्याआधी हे शुल्क विचारून घ्यावे.

दोन्ही देशांत वाहनचालकासाठी रक्तातील मद्याची कमाल मर्यादा प्रति लिटर 0.5 ग्रॅम आहे आणि तरुण किंवा नवख्या चालकांसाठी ती शून्य आहे. परंतु आकड्याच्या आसपास राहण्याचा हिशेब करूच नये. तीन उत्पादकांकडे पाच-पाच नमुने चाखले की मर्यादा कधी ओलांडली हे कळतही नाही. यावर खरा उपाय मुक्काम निवडण्यात आहे: जिथे चाखायचे तिथेच झोपायचे. स्लोव्हेनियात अशा शेतघरांना ‘तुरिस्तिच्ना क्मेतिया’ म्हणतात. तिथे खोली, घरचे जेवण आणि घरचीच वाइन एकत्र मिळते. दिवसा चाखायचे असेल तर वाइन तोंडात घोळवून भांड्यात टाकून द्यावी. यजमान स्वतः तसेच करतात, त्यात कोणाचाही अपमान होत नाही.

तिसरी पायरी: शाकाहारी असाल तर काय विचाराल

आपल्यापैकी अनेकांची पहिली चिंता हीच असते, आणि ती रास्त आहे, कारण या दोन्ही देशांच्या ग्रामीण स्वयंपाकात डुकराची चरबी तेलाइतकीच सहज वापरली जाते. कोबी आणि घेवड्याच्या ‘योता’ या आंबटसर सूपमध्ये बहुधा धुरी दिलेले मांस असते, कुट्टूच्या पिठाच्या ‘झ्गान्त्सी’वर चरबीचे तळलेले तुकडे घालतात, आणि इद्रियाचे प्रसिद्ध ‘झ्लिक्रोफी’ वरून बटाट्याचे सारण भरलेल्या छोट्या पुड्यांसारखे दिसले तरी त्या सारणात चरबी किंवा खारवलेले मांस असते. म्हणून ‘शाकाहारी आहे का’ इतकेच विचारणे पुरेसे नाही. स्लोव्हेनियात ‘ब्रेझ मेसा’ आणि क्रोएशियात ‘बेझ मेसा’ म्हणजे मांसाविना. त्याबरोबर मासे नकोत हेही सांगावे, आणि ‘स्विन्स्का मास्त’, म्हणजे डुकराची चरबी, घातली आहे का हे नाव घेऊन विचारावे. भाज्यांच्या सूपचे पाणी मांसाचे आहे का, हा प्रश्नही विसरू नये.

पण निराश होण्याचे कारण नाही. स्लोव्हेनियाचे ‘श्ट्रुक्ली’ हे पातळ पोळीत ताजे दूधचीज, अक्रोड किंवा टॅरागॉनचा सुगंधी पाला भरून गुंडाळून उकडलेले वळे असतात आणि ते गोड व तिखटमिठाचे अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. स्प्लिटजवळच्या पोल्यित्सा भागातले ‘सोपार्निक’ हे माझ्या मते शाकाहारी प्रवाशासाठी या सगळ्या किनाऱ्यावरचे सर्वांत मोलाचे खाणे आहे: दोन पातळ पोळ्यांच्या मध्ये ‘ब्लित्वा’ ही पालकाच्या जवळची भाजी आणि कांदा पसरून, चुलीच्या तापलेल्या जागेवर निखारे आणि राखेखाली भाजून, वरून ऑलिव्ह तेल आणि लसूण लावतात. शिवाय बटाट्याबरोबरची ब्लित्वा जवळजवळ प्रत्येक खानावळीत असते. चीजमध्ये प्राणिज विरजण असू शकते, हे ज्यांना चालत नाही त्यांनी ते आधी विचारावे.

चौथी पायरी: ल्युब्ल्यानामध्ये जिभेची ओळख

पहिल्या सकाळी थेट मध्यवर्ती बाजारात जावे. ल्युब्ल्यानित्सा नदीच्या काठाने तीन पुलांपासून ड्रॅगन पुलापर्यंत पसरलेली खांबांची ही इमारत योझे प्लेच्निक या वास्तुविशारदाने रचली आणि ती 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिली. उघड्यावरचा भाजीबाजार रविवारी बंद असतो. तिथे भोपळ्याच्या बियांचे गडद हिरवे तेल, आंबवलेला कोबी आणि मध चाखावा. मधाबद्दल इथल्या लोकांना विशेष अभिमान आहे. आधुनिक मधुमक्षिकापालनाचे एक आद्य शिक्षक आंतोन यान्शा इथलेच, आणि त्यांच्या स्मरणार्थ 20 मे हा दिवस स्लोव्हेनियाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी जागतिक मधमाशी दिन म्हणून स्वीकारला.

मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, पाऊस नसलेल्या शुक्रवारी, बाजारालगतच्या चौकात ‘ओद्पर्ता कुह्ना’ म्हणजे खुले स्वयंपाकघर भरते. देशभरातले स्वयंपाकी तिथे छोट्या ताटल्या विकतात. नवख्या माणसासाठी ही उत्तम शाळा आहे, म्हणून शक्यतो शुक्रवार ल्युब्ल्यानात यावा अशीच तारीख धरावी. गोडात अक्रोडाचे सारण भरलेली ‘पोतित्सा’ चाखावी. सणावाराला प्रत्येक घरात ती होते.

पाचवी पायरी: ब्रदा, विपावा आणि क्रास

ब्रदा हा इटलीच्या सीमेला टेकलेला टेकड्यांचा प्रदेश आहे, आणि 1947 च्या तहात आखलेली सीमारेषा या द्राक्षमळ्यांमधूनच गेली. इथले मुख्य द्राक्ष रेबुला. या भागाचे नाव जगभर गेले ते मात्र पांढऱ्या द्राक्षांची वाइन सालींसकट आंबवण्याच्या जुन्या पद्धतीमुळे. नेहमीच्या पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे पिळून साल लगेच वेगळी करतात. इथे रस सालींबरोबर काही दिवस ते काही महिने राहतो, त्यामुळे रंग अंबरासारखा होतो आणि कोऱ्या चहासारखा तुरटपणा येतो. या नारिंगी वाइनचा पहिला घोट अनेकांना आवडत नाही. ती फार थंड प्यायली की तुरटपणाच जाणवतो, म्हणून 12 ते 14 अंशांवर येऊ द्यावी आणि रिकाम्या पोटी न पिता चीज किंवा जेवणाबरोबर घ्यावी. चाखताना साधी रेबुला आधी आणि सालींवर ठेवलेली नंतर मागितली, तर एकाच द्राक्षातून काय काय निघते हे अर्ध्या तासात उमगते.

ब्रदाहून दक्षिणेला विपावाचे खोरे लागते, आणि तिथून पुढच्या सगळ्या प्रवासात सोबत करणारा ‘बुर्या’ हा थंड, कोरडा, झोतांनी येणारा वारा भेटतो. विपावात घरांच्या कौलांवर दगड ठेवलेले दिसतात ते याच वाऱ्यासाठी. झेलेन आणि पिनेला ही दोन पांढरी द्राक्षे या खोऱ्याची स्वतःची आहेत आणि बाहेर क्वचितच मिळतात, तेव्हा इथे परिचित नावाची बाटली मागवू नये. हाच वारा क्रासच्या चुनखडीच्या पठारावर डुकराची मांडी वाळवतो. ‘पर्शूत’ नावाचा हा पदार्थ क्रासमध्ये धुरी न देता, फक्त मीठ आणि वारा यांच्या जोरावर, किमान वर्षभर मुरवतात. त्याच्याबरोबर तेरान ही लालभडक, आंबट वाइन घेतात. तिचे द्राक्ष पठारावरच्या लोहयुक्त तांबड्या मातीत वाढते. तेरान या नावाच्या हक्कावरून दोन्ही देशांत वाद झाला आणि 2017 मध्ये युरोपीय आयोगाने क्रोएशियातल्या इस्त्रियाच्या उत्पादकांनाही अटींसह ते नाव वापरण्याची मुभा दिली. स्लोव्हेनियात हा विषय काढताना यजमानाच्या भावना ध्यानात ठेवाव्यात.

या भागात एक गोष्ट चुकवू नये: ऑस्मित्सा. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा योसेफ याने 1784 मध्ये शेतकऱ्यांना वर्षातून आठ दिवस स्वतःच्या घरी स्वतःची वाइन विकण्याची परवानगी दिली. ‘ओसेम’ म्हणजे आठ, त्यावरून हे नाव पडले. आजही घराघराच्या पाळीने काही दिवस अंगण उघडते. रस्त्याच्या वळणावर आयव्हीच्या पानांची जुडी टांगलेली दिसली की त्या दिशेने जावे. खाणे थंडच असते: पर्शूत, चीज, उकडलेली अंडी, लोणच्याच्या भाज्या, पाव. कोणते घर कधी उघडे आहे याच्या तारखा गावातल्या पर्यटन कार्यालयात मिळतात. वाइन इथे डेसिलिटरच्या मापाने मागतात. ‘दोन डेसी’ म्हटले की 200 मिलिलिटर येते.

पिरानला एक रात्र पुरेशी आहे. तिथे पाहायचे ते सेचोव्ल्येची मिठागरे. आपल्या कोकणातली मिठागरे पाहिलेल्या माणसाला वाफे, बांध आणि लाकडी फावडी ओळखीची वाटतील, पण इथे वाफ्याच्या तळाशी ‘पेतोला’ नावाचा शेवाळ, सूक्ष्मजीव आणि खनिजांचा पातळ थर मुद्दाम जोपासतात. तो चिखल आणि मीठ यांना वेगळे ठेवतो, म्हणून हे मीठ पांढरे निघते.

सहावी पायरी: इस्त्रियातली ट्रफल

मोतोवुनच्या पायथ्याशी मिर्ना नदीकाठच्या जंगलात ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी मिळते, आणि बुझेत हे गाव स्वतःला तिचे शहर म्हणवते. 1999 मध्ये या भागात 1.31 किलोची पांढरी ट्रफल सापडली आणि इस्त्रियाचे नाव सर्वतोमुखी झाले. काळ्या ट्रफलच्या निरनिराळ्या जाती वर्षातला बराच काळ मिळतात. पांढरी मात्र शरद ऋतूपासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंतच. पांढरी ट्रफल शिजवत नाहीत, तयार पदार्थावर कच्चीच किसतात. तेव्हा मे महिन्यात कोणी ताजी पांढरी ट्रफल देऊ केली तर ती घेऊ नये. दुकानांतले ट्रफलचे तेल बहुतेक वेळा कृत्रिम गंधाचे असते. पैसे खर्च करायचेच तर समोर किसून दिलेल्या चार चकत्यांवर करावेत. ‘फुझी’ या गुंडाळलेल्या पास्त्यावर किंवा ‘फ्रिताया’त, म्हणजे अंड्याच्या पोळ्यात, ती सर्वांत चांगली लागते. कुत्रा घेऊन जंगलात शोधायला नेणाऱ्या परवानाधारक कुटुंबांबरोबर दोन तास जावे. त्या कुत्र्याची शिस्त आणि मालकाची घाई न करण्याची वृत्ती पाहण्यासारखी असते.

पेयांत इथली मालवाझिया ही पांढरी वाइन मागावी. थंडीच्या दिवसांत ‘सुपा’ मिळाली तर सोडू नये: मातीच्या चंबूत कोमट केलेली लाल वाइन, साखर, ऑलिव्ह तेल आणि मिरी घालून त्यात भाजलेला पाव बुडवतात. चंबू हातोहात फिरतो.

सातवी पायरी: पाग आणि स्प्लिट

रियेकाहून वेलेबित पर्वताखालच्या रस्त्याने प्रिझ्ना इथे आल्यावर फेरीबोटीने पाग बेटावर जाता येते. वारा इथे ‘बुरा’ म्हणून ओळखला जातो. तो जोरात असेल तर फेरी थांबते, म्हणून सकाळी हवामान पाहूनच निघावे. हाच वारा समुद्राचे खारे तुषार उडवून बेटाच्या उघड्या दगडांवरच्या रानवनस्पतींवर टाकतो, मेंढ्या त्या चरतात, आणि त्या दुधाचे ‘पाश्की सिर’ हे कठीण, खारट चीज बनते. जुने आणि नवे असे दोन तुकडे शेजारी ठेवून चाखावे.

स्प्लिटमध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याच्या पूर्वेला ‘पाझार’ हा बाजार भरतो. सोपार्निक तिथेच शोधावे. दुपारच्या आधी ‘मारेंदा’ नावाचे स्वस्त, घरगुती जेवण छोट्या खानावळीत मिळते आणि ते रात्रीच्या महागड्या जेवणापेक्षा मला अधिक प्रामाणिक वाटते. मांसाहारी लोकांनी ‘पाश्तित्सादा’ मागवावी: व्हिनेगरमध्ये मुरवलेले गोमांस सुक्या आलुबुखाऱ्यांबरोबर तासन्‌तास शिजवतात. मासा घेताना दर किलोवर आहे हे लक्षात ठेवून मासा आधी पाहावा, वजन करून घ्यावा आणि मगच होकार द्यावा. क्रोएशियात 2023 पासून बहुतेक दुकाने वर्षातले मोजकेच रविवार उघडी राहतात, स्लोव्हेनियातही रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून प्रवासाचा शिधा शनिवारीच घ्यावा.

आठवी पायरी: पेल्येशात्स, कोर्चुला, स्तोन

पूर्वी स्प्लिटहून दक्षिणेला जाताना नेउम इथे बोस्नियाच्या हद्दीतून जावे लागे, आणि एकदाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्या भारतीय प्रवाशाला ते अडचणीचे होते, कारण क्रोएशियाबाहेर पडून पुन्हा आत यावे लागे. 26 जुलै 2022 रोजी पेल्येशात्स पूल खुला झाल्यापासून सगळा रस्ता क्रोएशियातूनच जातो. नकाशाचे यंत्र कधी जुना मार्ग सुचवते. पुलाचाच मार्ग निवडावा.

या द्वीपकल्पाचे द्राक्ष म्हणजे प्लावात्स माली. अमेरिकेतल्या झिनफँडेल द्राक्षाचे मूळ कुठले, हा प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित होता. कॅलिफोर्नियात नाव कमावलेले क्रोएशियन वाइनकार माइक ग्रगिच यांना ते प्लावात्स मालीच वाटे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅरोल मेरेडिथ आणि झाग्रेबचे इव्हान पेयिच व एदी मालेतिच यांनी जनुकीय तपासणी केली, आणि 2001 मध्ये स्प्लिटजवळच्या काश्तेला इथल्या एका जुन्या बागेतल्या मोजक्या वेली झिनफँडेलशी तंतोतंत जुळल्या. प्लावात्स माली ही त्याच द्राक्षाची लेक निघाली. म्हणजे आपण डिंगाचच्या उतारावर उभे राहून जी वाइन पितो, तिची आई काश्तेलात होती आणि आईची दुसरी ओळख कॅलिफोर्नियात.

डिंगाच हा समुद्राकडे झुकलेला तीव्र उतार आहे. सूर्य वरून, समुद्राच्या पृष्ठभागावरून आणि दगडांवरून, असा तिन्हीकडून तापतो. 1961 मध्ये या वाइनच्या नावाला संरक्षण मिळाले. तसे संरक्षण मिळालेली ती क्रोएशियातली पहिली वाइन. पूर्वी गाढवांच्या पाठीवरून द्राक्षे डोंगर ओलांडून पोतोम्ये गावात येत. 1970 च्या दशकात उत्पादकांनी डोंगरातून सुमारे 400 मीटरचा बोगदा काढला आणि आज त्यातून गाडी घेऊन जाता येते. तो अरुंद आहे, दिवे लावून सावकाश जावे. ओरेबिचहून छोट्या फेरीने कोर्चुलाला गेल्यास पोशिप आणि लुम्बार्दातली गर्क या पांढऱ्या वाइन चाखता येतात. गर्कच्या वेलीला केवळ मादी फुले येतात, म्हणून फळधारणेसाठी तिच्या ओळींमध्ये प्लावात्स माली लावावी लागते.

इथल्या एका रात्रीसाठी ‘पेका’ आदल्या दिवशी सांगून ठेवावी. चुलीच्या तळावर भांडे ठेवून त्यात ऑक्टोपस किंवा कोकराचे मांस बटाट्यांसह घालतात, वर घंटेच्या आकाराचे झाकण ठेवतात आणि त्यावर निखारे रचतात. गोव्यातली बेबिंका वरून निखारे ठेवून भाजतात, तीच युक्ती. याला दोन ते तीन तास लागतात आणि बहुधा किमान दोन माणसांसाठीच करतात. ऐनवेळी मागितली तर पेका मिळत नाही, आणि मिळाली तर ती पेका नसते.

शेवटची थांबण्याची जागा स्तोन. 1333 मध्ये दुब्रोव्निकच्या प्रजासत्ताकाने हे गाव घेतले आणि मिठागरांच्या रक्षणासाठी डोंगरावरून भिंत बांधली. तिची सुमारे साडेपाच किलोमीटर लांबी एके काळी मिठाची किंमत सांगते. शेजारच्या माली स्तोनच्या खाडीत समुद्राच्या पाण्यात गोड्या झऱ्यांचे पाणी मिसळते आणि तिथे चपट्या युरोपीय जातीच्या कालवांची शेती होते. कालवे वर्षभर मिळतात, पण स्थानिक लोक मार्चमधली, संत जोसेफच्या दिवसाच्या म्हणजे 19 मार्चच्या आसपासची, सर्वांत भरलेली मानतात. शेतीच्या तराफ्यांवर नेणाऱ्या होड्यांवर ती पाण्यातून काढून लगेच उघडून देतात. लिंबाचा एक थेंब पुरे. सोबत पोशिपचा एक डेसी मागवावा आणि गाडी चालवणाऱ्याने आपला घोट दुब्रोव्निकच्या मुक्कामासाठी राखून ठेवावा.

परतताना भारतात प्रत्येक प्रौढ प्रवाशाला 2 लिटर मद्य करमुक्त आणता येते, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या. त्या दोन्हींसाठी मी डिंगाच आणि विपावाची झेलेन निवडेन, कारण या दोन्ही आपल्याकडे विकत मिळणे कठीण आहे; बाटल्या जाड कपड्यात गुंडाळून चेक-इन सामानाच्या मधोमध ठेवाव्यात.